एका शब्दाची दुरुस्ती : प्रोग्रॅमिंगच्या प्राथमिक मजकुरातील भाषिक चुका कशा सुधाराव्यात

प्रोग्रॅमिंग नव्याने शिकणाऱ्याला मजकुरातली चूक ओळखू येत नाही. ती त्याला स्वतःचीच वाटते. 'ही सोय उपलब्ध नाही' असे म्हणायचे असताना इंग्रजी पानावर 'नॉट'च्या जागी 'नाऊ' छापले गेले, तर अनुभवी प्रोग्रॅमर मनातल्या मनात ते सुधारून पुढे जातो. पहिल्या सत्रातला विद्यार्थी मात्र 'आता उपलब्ध आहे' असे वाचून संध्याकाळभर ती सोय शोधतो आणि शेवटी दोष स्वतःच्या बुद्धीला देतो. प्राथमिक मजकुरातल्या एका अक्षराची दुरुस्ती म्हणूनच मोलाची असते.

उल्हासनगर, अंबरनाथ आणि बदलापूर या पट्ट्यात तर हे काम अधिकच जवळचे आहे. फाळणीनंतर कल्याणच्या लष्करी छावणीत सिंधी निर्वासित आले आणि १९४९ मध्ये त्या वस्तीला उल्हासनगर हे नाव मिळाले. आज इथल्या अनेक घरांत सिंधी, शेजारी मराठी, बाजारात हिंदी आणि महाविद्यालयात इंग्रजी अशी भाषांची रांग असते. मुंबई विद्यापीठाचा संगणकशास्त्राचा किंवा माहिती तंत्रज्ञानाचा पदवी अभ्यासक्रम शिकणारा इथला विद्यार्थी पायथनचे अधिकृत पान बहुधा आपल्या तिसऱ्या भाषेत वाचत असतो. वाक्य जिथे अडखळते, तिथे तो सर्वांत आधी अडखळतो. दुरुस्तीच्या कामात हीच त्याची पात्रता ठरते, कारण चूक दिसण्यासाठी नवी नजर लागते. पुढचे टप्पे दिलेल्या क्रमाने घ्यावेत.

१. चूक दिसताक्षणी नोंद करा, दुरुस्ती नंतर

आपण बदलापूरहून लोकलने जाता-येता मोबाइलवर वाचत असाल, तर तिथेच दुरुस्ती करायला जाऊ नका. फक्त चार गोष्टी टिपून ठेवा : पानाचा पत्ता, उपशीर्षक, चुकीचे पूर्ण वाक्य आणि पानावर दिलेली आवृत्ती. नुसता स्क्रीनशॉट पुरेसा नाही. त्यात पत्ता बहुधा अर्धवट येतो आणि वाक्य शोधता येत नाही. ध्वनिचित्र धडा असेल तर मिनिट आणि सेकंद लिहा. गर्दीत, छोट्या कीबोर्डवर केलेल्या दुरुस्तीत नवी चूक शिरते. शिवाय आपोआप शब्द सुधारणारी मोबाइलची सोय कोडमधली नावेही बदलून टाकते.

२. चुकीचे वजन ठरवा

सगळ्या चुका सारख्या नसतात. अर्थ बदलणारी चूक सर्वांत आधी घ्यावी. वाचताना थांबायला लावणारी चूक त्यानंतर. फक्त डोळ्यांना खुपणारी चूक, उदाहरणार्थ दुहेरी मोकळी जागा, सर्वांत शेवटी. आणि तीही त्याच परिच्छेदात दुसरे काही दुरुस्त करायचे असेल तरच.

अर्थ बदलणाऱ्या चुका ओळखायला थोडा सराव लागतो, कारण त्या व्याकरणात बसतात. पायथनमधले 'रेंज' हे फंक्शन घ्या. त्याला १ आणि १० हे दोन आकडे दिले, तर १ ते ९ एवढेच अंक मिळतात. शेवटचा आकडा वगळला जातो. मराठी टिपणात मात्र 'रेंज १ पासून १० पर्यंतचे अंक देते' असे सर्रास लिहिलेले आढळते. मराठीत 'दहापर्यंत' म्हटले की वाचणारा दहा धरूनच चालतो. वाक्य शुद्ध आहे, पण माहिती खोटी आहे. दुरुस्ती इतकीच : '१ पासून ९ पर्यंत, १० हा आकडा घेतला जात नाही.'

दुसरे ठिकाण 'बरोबर' या शब्दाचे. एकेरी बरोबरचे चिन्ह बहुतेक प्रोग्रॅमिंग भाषांत 'उजवीकडची किंमत डावीकडच्या नावाला द्या' असे सांगते. दुहेरी चिन्ह 'दोन्ही बाजू सारख्या आहेत का' असे विचारते. टिपणात दोन्ही ठिकाणी 'एक्स बरोबर पाच' लिहिले असेल, तर विद्यार्थ्याला फरक कळायला मार्गच उरत नाही. पहिल्या ठिकाणी 'एक्सला ५ ही किंमत द्या' आणि दुसऱ्या ठिकाणी 'एक्सची किंमत ५ आहे का ते तपासा' असे सुचवावे.

इंग्रजीतही असे सापळे आहेत. 'मे नॉट बी एम्प्टी' या शब्दरचनेचे दोन अर्थ निघतात : 'कदाचित रिकामे नसेल' आणि 'रिकामे चालणार नाही'. नियम सांगायचा असेल तर 'मस्ट नॉट' हवे. अशी एक दुरुस्ती दहा स्वल्पविरामांपेक्षा अधिक उपयोगी पडते.

३. ही खरोखर भाषेची चूक आहे का, ते तपासा

या टप्प्यावर घाई करू नये. नाकारल्या गेलेल्या अनेक दुरुस्त्या इथेच फसलेल्या असतात. चुकीसारख्या दिसणाऱ्या, पण चूक नसलेल्या गोष्टी पुष्कळ आहेत.

काही शब्द नेहमीच्या इंग्रजीत फारसे भेटत नाहीत. 'डेप्रिकेटेड' हा 'डिप्रिशिएटेड'चा बिघडलेला अवतार नाही. 'अजून चालते, पण वापरू नका, पुढे काढून टाकले जाऊ शकते' असा त्याचा तांत्रिक अर्थ आहे. 'एचटीटीपी'च्या आधी 'ॲन' येते ते योग्यच आहे, कारण 'एच'चा उच्चार स्वराने सुरू होतो. ब्रिटिश आणि अमेरिकी स्पेलिंगमधला फरक ही चूक नव्हे. प्रकल्पाने जी पद्धत स्वीकारली आहे ती तशीच ठेवावी.

काही चुका तर आता नियम झाल्या आहेत. एखाद्या पानावर आपण कोणत्या पानावरून आलो हे सांगणाऱ्या एचटीटीपी शीर्षाचे नाव 'रेफरर' आहे. मूळ इंग्रजी शब्दात मधला 'आर' दोनदा येतो. शीर्षात तो एकदाच आहे. १९९६ च्या प्रमाण दस्तऐवजात, आरएफसी १९४५ मध्ये, ते स्पेलिंग तसेच नोंदले गेले आणि जगभरचे ब्राउझर व सर्व्हर आजही तेच वापरतात. युनिक्समध्ये नवी फाइल तयार करणाऱ्या 'क्रिएट' या सिस्टिम कॉलच्या शेवटी 'ई' नाही, तेही असेच. अशी नावे 'सुधारली' तर प्रोग्रॅम चालायचा थांबतो. कोडमधल्या नावाला, संगणकाने दाखवलेल्या संदेशाला आणि अवतरणात दिलेल्या आउटपुटला हात लावू नये.

तिसरा प्रकार आवृत्तीचा. जुन्या टिपणात 'प्रिंट'पुढे कंस नसेल, तर ती भाषेची चूक नाही. ते पायथन २ आहे, आणि त्या आवृत्तीचा अधिकृत आधार १ जानेवारी २०२० रोजी संपला. टर्बो सी वापरून लिहिलेल्या पुस्तकांत 'व्हॉइड मेन' आणि पडदा पुसणारा 'सीएलआरएससीआर' दिसतो, तोही त्या काळाचा आणि त्या कंपायलरचा भाग आहे. असा मजकूर अद्ययावत करणे आवश्यकच आहे, पण ते वेगळे आणि मोठे काम आहे. शब्ददुरुस्तीत ते मिसळू नका.

४. कोडचा भाग असेल तर चालवून पाहा

वाक्य कोडबद्दल काही सांगत असेल, तर ते कोड स्वतः टाइप करून चालवा. कॉपी करून नव्हे. वर्ड किंवा पीडीएफमधून उचललेल्या कोडमध्ये सरळ अवतरणचिन्हांच्या जागी वळणदार चिन्हे येतात आणि पायथन लगेच वाक्यरचनेची चूक दाखवतो. ही चूक डोळ्यांना जवळजवळ दिसत नाही, आणि नवशिक्याचा सर्वांत जास्त वेळ तीच खाते. ओळींच्या सुरुवातीची मोकळी जागाही पीडीएफमधून बऱ्याचदा गळून पडते. पायथनमध्ये त्या जागेलाच अर्थ असल्याने प्रोग्रॅम मोडतो.

५. मजकुराचे मूळ घर शोधा

आपल्याला दिसते ते पान बहुधा दुसऱ्या एका फाइलीवरून तयार झालेले असते. दुरुस्ती तिथे व्हावी लागते.

पायथनच्या अधिकृत दस्तऐवजाचा मूळ मजकूर गिटहब या कोड साठवण्याच्या संकेतस्थळावर पायथनच्याच संचात 'डॉक' नावाच्या फोल्डरमध्ये असतो. रचना दाखवणाऱ्या साध्या खुणा घातलेल्या त्या मजकूर-फाइली असतात. वेब तंत्रज्ञान शिकणाऱ्यांचे आवडते एमडीएन हे संकेतस्थळ २०२० च्या अखेरीस गिटहबवर आले. त्याच्या प्रत्येक पानाच्या तळाशी मूळ फाइलीचा आणि अडचण कळवण्याचा, असे दोन दुवे असतात.

भाषांतरित पानावर चूक दिसली, तर आधी मूळ इंग्रजी वाक्य पाहावे. चूक तिथेच असेल तर भाषांतरकाराला दोष देण्यात अर्थ नाही. मूळ सुधारले की बाकी भाषांना ते कळते. चूक फक्त भाषांतरात असेल, तर ते सहसा 'पीओ' प्रकारच्या फाइलीत असते. या फाइलीत मूळ वाक्य आणि त्याखाली भाषांतर अशा जोड्या असतात. फक्त खालची ओळ बदलायची. टक्केचिन्ह किंवा महिरपी कंसातली नावे ही नंतर भरल्या जाणाऱ्या किमतींच्या जागा असतात. त्या जशाच्या तशा राहिल्या पाहिजेत.

मराठीत प्रोग्रॅमिंग शिकणाऱ्यांसाठी आयआयटी मुंबईच्या स्पोकन ट्यूटोरियल प्रकल्पाचा उल्लेख आवश्यक आहे. प्रा. कण्णन मौद्गल्य यांच्या नेतृत्वाखाली उभ्या राहिलेल्या या प्रकल्पात पायथन, सी, लिनक्स अशा विषयांचे साधारण दहा-दहा मिनिटांचे धडे आहेत. पडद्यावरचे चित्र इंग्रजीच राहते. निवेदन मराठीसह अनेक भारतीय भाषांत ऐकता येते. त्यामुळे इथली भाषिक चूक बहुतेकदा निवेदन आणि पडदा यांच्या मेळातली असते : निवेदक मेनूचे नाव मराठीत सांगतो आणि विद्यार्थी पडद्यावर ते शोधत राहतो. कळवताना ऐकलेले शब्द आणि पडद्यावरचे शब्द, दोन्ही लिहा.

६. कोणी आधीच कळवले आहे का?

गिटहबवर त्या फाइलीचे नाव आणि चुकीचा शब्द टाकून शोधा. खुल्या आणि बंद, दोन्ही नोंदी पाहा. बंद नोंदीत 'हे मुद्दाम असेच ठेवले आहे' असे उत्तर सापडले, तर आपले काम तिथेच संपले.

७. बदल लहान ठेवा

आता प्रत्यक्ष दुरुस्ती. गिटहबवर खाते उघडल्यानंतर फाइलीच्या वरच्या बाजूला पेन्सिलचे चिन्ह दिसते. ते दाबले की गिटहब आपल्या खात्यात त्या प्रकल्पाची प्रत तयार करून देतो. हिला फोर्क म्हणतात. चुकीचा शब्द बदला. मग 'कमिट', म्हणजे बदलाची नोंद करा, आणि शेवटी 'पुल रिक्वेस्ट', म्हणजे 'हा बदल मूळ मजकुरात घ्यावा' अशी विनंती पाठवा. यासाठी संगणकावर काहीही बसवावे लागत नाही. महाविद्यालयाच्या प्रयोगशाळेतला कोणताही ब्राउझर पुरतो.

पाठवण्याआधी बदलांची तुलना दाखवणारा भाग उघडा. आपण एक शब्द बदलला असेल, तर तिथे एकच ओळ रंगलेली दिसली पाहिजे. पन्नास ओळी रंगल्या असतील, तर आपल्या संपादकाने मोकळ्या जागा किंवा ओळींचे शेवट बदलले आहेत. तो बदल रद्द करून पुन्हा सुरुवात करा. तपासणारी व्यक्ती बहुधा स्वयंसेवक असते आणि तिला प्रत्येक रंगलेली ओळ वाचावी लागते.

एका विनंतीत एकाच प्रकारची दुरुस्ती असावी. एका पानावर तीन टंकदोष असतील तर ते एकत्र पाठवायला हरकत नाही. पण टंकदोषासोबत परिच्छेदाची नवी मांडणी पाठवू नये. मांडणीवर मतभेद होतात आणि त्यात निर्विवाद टंकदोषही अडकून राहतो.

संख्येच्या मागे लागू नये, हे विद्यार्थ्यांना मी आग्रहाने सांगेन. दर ऑक्टोबरमध्ये होणाऱ्या हॅक्टोबरफेस्ट या उपक्रमात ठरावीक विनंत्या पाठवणाऱ्यांना टी-शर्ट मिळत असे. २०२० मध्ये त्यासाठी निरर्थक बदलांचा इतका मारा झाला की आयोजकांना महिन्याच्या पहिल्याच आठवड्यात नियम बदलावे लागले : ज्या प्रकल्पांनी स्वतःहून संमती दिली, त्यांतलेच योगदान मोजायचे ठरले. त्या गर्दीत खऱ्या दुरुस्त्या घेऊन आलेल्या नवशिक्यांकडेही संशयाने पाहिले गेले. नोकरीच्या अर्जात दाखवण्यासाठी म्हणून चांगल्या वाक्यात विशेषण घालू नका. अर्थ सुधारणारी एकच दुरुस्ती मुलाखतीत समजावून सांगता येते.

८. कारण लिहा, आणि थोडक्यात लिहा

शीर्षकात पान आणि चूक यांचा उल्लेख असावा. खाली दोन वाक्ये पुरेत : आत्ता काय लिहिले आहे, आणि त्याने वाचणाऱ्याचा काय गैरसमज होतो. आपण स्वतः त्या वाक्यापाशी अडखळला असाल तर तसे जरूर लिहा. तज्ज्ञाला तीच माहिती मिळत नसते. 'मी नवीन आहे, चुकत असेन तर क्षमा' अशा प्रस्तावनेची गरज नाही.

पायथनच्या प्रकल्पात साध्या टंकदोषासाठी वेगळी तक्रार-नोंद उघडावी लागत नाही. थेट विनंती चालते. पहिल्यांदा योगदान देणाऱ्याला मात्र एक करारपत्र ऑनलाइन मान्य करावे लागते, त्याचा दुवा तिथला स्वयंचलित सहायक देतो. गिटहब वापरायचे नसेल, तर दस्तऐवजातली चूक ईमेलने कळवण्याची सोयही पायथनने ठेवली आहे.

९. मराठी मजकूर असेल तर हे तीन विशेष तपास

पहिला तपास अक्षरांचा. 'करणाऱ्या' या शब्दातला अर्धा र दोन प्रकारे टाइप होतो. एका प्रकारात युनिकोडमधले स्वतंत्र 'ऱ' हे अक्षर वापरले जाते. दुसऱ्यात साधा र, हलन्त आणि त्यानंतर शून्य रुंदीचा एक अदृश्य जोडक येतो. पडद्यावर दोन्ही अगदी सारखे दिसतात, पण शोध घेताना एक टाइप केले तर दुसरे सापडत नाही. 'ॲप'मधल्या 'ॲ'चेही तसेच. त्याला युनिकोडमध्ये २००८ पासून स्वतंत्र अक्षर आहे, तरी पुष्कळ मजकूर अजून 'अ'वर चंद्र चढवून लिहिलेला आढळतो. संपूर्ण मजकुरात एकच प्रकार ठेवावा, आणि तो स्वतंत्र अक्षराचा असावा. पायथन ३ मध्ये व्हेरिएबलला देवनागरी नावही देता येते. मात्र त्या नावात अदृश्य जोडक शिरला तर प्रोग्रॅम चालत नाही. आकड्यांबाबतही दक्षता हवी : वापरकर्त्याने टाइप केलेला '१२' हा मजकूर पायथनचे 'इंट' फंक्शन बारा या संख्येत बदलू शकते, पण कोडमध्ये संख्या म्हणून थेट देवनागरी आकडा लिहिला तर चूक येते. मराठी टिपणातले कोड त्यामुळे इंग्रजी आकड्यांतच छापावे.

दुसरा तपास शुद्धलेखनाचा. मराठी साहित्य महामंडळाचे १९६२ चे चौदा आणि १९७२ मध्ये जोडलेले चार असे अठरा नियम आधाराला घ्या. वाद वाढवू नका. ऱ्हस्व-दीर्घ सुधारताना वाक्याचा तांत्रिक अर्थ हलत नाही ना, एवढे पाहा.

तिसरा तपास संज्ञांचा. 'व्हेरिएबल' लिहायचे की 'चल', हा प्रश्न एका पानाच्या दुरुस्तीत सोडवण्याचा नाही. लेखकाने जो शब्द निवडला आहे तोच शेवटपर्यंत आहे का, हे बघा. एका परिच्छेदात 'चल', दुसऱ्यात 'व्हेरिएबल' आणि तिसऱ्यात 'चलघटक' आला, तर विद्यार्थ्याला त्या तीन वेगळ्या गोष्टी वाटतात. 'फाइल', 'फोल्डर', 'सेव्ह' हे शब्द एमएस-सीआयटी केलेल्या महाराष्ट्रातल्या लाखो लोकांच्या तोंडी आहेत. त्यांना पर्याय शोधत बसू नये.

१०. झेरॉक्सच्या टिपणांचे काय?

इथला विद्यार्थी जगातल्या अधिकृत पानांपेक्षा हातात येणाऱ्या प्रॅक्टिकल जर्नलवर आणि पीडीएफवर अधिक शिकतो. त्यांची प्रतीची प्रत निघत राहते आणि एक चूक कित्येक वर्षांच्या विद्यार्थ्यांकडे जाते. माझ्या मते या पट्ट्यातले सर्वांत उपयोगी काम इथेच आहे, आणि इथे गिटहब लागत नाही.

क्रम असा ठेवा. टिपणाची मूळ फाइल कोणाकडे आहे ते शोधा. बहुधा विभागातल्या एखाद्या सरांकडे किंवा मॅडमकडे असते. वर्गात सर्वांसमोर चूक दाखवू नका. पान क्रमांक, छापलेले वाक्य, सुचवलेले वाक्य आणि कोड चालवून मिळालेले आउटपुट अशा चार रकान्यांचा एक कागद तयार करून तासानंतर द्या. 'मॅडम, हे आम्ही चालवून पाहिलं, एकदा बघता का?' एवढे म्हणणे पुरते. दुरुस्त प्रतीवर वर्ष आणि 'सुधारित' असा शब्द घालण्याची विनंती करा, म्हणजे झेरॉक्सच्या दुकानात जुनी प्रत कोणती ते कळेल. मूळ फाइल कोणाकडेच नसेल, तर एका पानाचे शुद्धिपत्र तयार करून जर्नलच्या पहिल्या पानामागे लावावे.

११. पाठवण्याआधी एका नवख्याला वाचायला द्या

सुधारलेले वाक्य प्रोग्रॅमिंग न शिकलेल्या धाकट्या भावाला किंवा प्रथम वर्षाच्या विद्यार्थ्याला दाखवा आणि 'यातून काय समजलं?' एवढेच विचारा. स्वतः काही समजावू नका. त्याने सांगितलेला अर्थ आणि आपल्याला हवा असलेला अर्थ जुळला, तर वाक्य तयार आहे. उल्हासनगरात घरी सिंधी बोलणारा आणि बदलापूरला घरी मराठी बोलणारा, असे दोन वाचक मिळाले तर फारच उत्तम. दोघे वेगवेगळ्या ठिकाणी थांबतात.

१२. उत्तराची वाट आणि पाठपुरावा

मोठ्या प्रकल्पांत उत्तर काही तासांत येते किंवा काही आठवडेही लागतात. मधल्या काळात रोज आठवण करू नका. बरेच दिवस काहीच हालचाल दिसली नाही, तर एक नम्र ओळ लिहा. तपासनीस बदल सुचवील तो त्याच विनंतीत करावा, नवी विनंती उघडू नये. दुरुस्ती नाकारली गेली तर दिलेले कारण वाचून आपल्या नोंदवहीत लिहा, कारण पुढच्या तपासात ते तिसऱ्या टप्प्याला उपयोगी पडेल.

स्वीकारली गेली, तरी एक काम उरते. पायथनसारख्या प्रकल्पात दुरुस्ती आधी पुढच्या आवृत्तीच्या मजकुरात जाते आणि नंतर चालू आवृत्तीत उतरवली जाते. काही दिवसांनी चालू आवृत्तीचे पान उघडून वाक्य खरोखर बदलले आहे का ते पाहा. त्याच पानावरून आपल्या वर्गात कोणी मराठी टीप तयार केली असेल, तर तीही त्याच दिवशी सुधारून घ्या.